व्हीआर हेडसेट घ्यायचे की मॅनिकिन? ईएमटीच्या पोरांना गर्दीतला ट्रायज शिकवायचाय

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला ईएमटीच्या, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांच्या, कोर्सला शिकवते, त्याआधी सात वर्षं कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स होते. मॅनेजमेंटने यंदा ट्रेनिंगच्या सामानासाठी आठ लाख मंजूर केलेत आणि सरांच्या मनात आहे की सगळ्याचे व्हीआर हेडसेटच घ्यायचे, डोळ्यांवर लावला की समोर खरा वाटणारा सीन दिसतो ते. एक कंपनीवाला डेमो देऊन गेला, त्यात आगीचा सीन होता, सात-आठ पेशंट पडलेले, धूर, किंकाळ्या, आणि आपण एकेकाजवळ जाऊन ट्रायजचा टॅग लावायचा, म्हणजे कोणाला आधी बघायचं ते ठरवून त्या रंगाची पट्टी. खरं सांगते, मला स्वतःला घाम फुटला, म्हणजे परिणाम होतो यात शंकाच नाही. पण आमच्याकडे मॅनिकिन, म्हणजे सरावाचे पुतळे, दोनच आहेत, त्यातल्या एकाची छातीची स्प्रिंग गेलीय, दाबलं की वरच येत नाही, आणि बॅच ४० जणांची.

माझी घाई सिंहस्थामुळे आहे. २०२७ ला आमच्यातली बरीच पोरं कुठल्या ना कुठल्या गाडीवर नाहीतर मेडिकल पोस्टवर असणार. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, मी तेव्हा शाळेत होते, आमच्या गल्लीतल्या एक काकू त्या दिवशी त्या गर्दीत होत्या आणि त्या अजूनही पर्वणीला घराबाहेर पडत नाहीत. लाल म्हणजे लगेच, पिवळा थोडं थांबू शकतो, हिरवा किरकोळ, काळा म्हणजे आत्ता काही करता येणार नाही, हे पोरांना तोंडपाठ आहे, पेपरात छान लिहितात. पण मागच्या महिन्यात मैदानात पोरांनाच पेशंट करून ड्रिल घेतलं तर पहिल्याच श्वास नसलेल्या पेशंटपाशी दोघं सीपीआर करत, म्हणजे छाती दाबत, बसले आणि बाकीचे अकरा तसेच पडून राहिले. मी रागावले नाही, हात तिकडे जातोच. पण ही सवय मोडायला सराव कशावर घ्यायचा, ज्यांनी हेडसेट वापरलेत त्यांनी अनुभव सांगा प्लीज.

घाटमाथा:
ताई, मी बीएएमएस, १०८ वर सहा वर्षं झाली, घाटातला पट्टा आहे माझा. माझं स्पष्ट मत, आधी मॅनिकिन. छाती ५ ते ६ सेंटीमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२०, आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची, हे हाताला कळतं, डोळ्याला नाही. नेदरलँड्समध्ये २०१८ ला लोलँड्स नावाच्या म्युझिक फेस्टिव्हलमध्येच याची ट्रायल झाली होती, ३८१ लोक होते, अर्ध्यांना व्हीआर ॲपवर सीपीआर शिकवला आणि अर्ध्यांना समोर माणूस उभा राहून. वेग दोघांचा चांगला आला, पण खोली व्हीआरवाल्यांची सरासरी ४९ मिलिमीटर आणि समोरासमोर शिकलेल्यांची ५७. म्हणजे व्हीआरवाले पाच सेंटीमीटरच्या खालीच राहिले, आणि पेशंटसाठी तो फरक छोटा नसतो. त्यामुळे स्प्रिंग गेलेला मॅनिकिन तर आधी वर्गातून बाहेर काढा, त्याच्यावर पोरं चुकीचंच शिकतायत.

दुसरी गोष्ट, मी एका ट्रेनिंगला हेडसेट घालून बघितलाय. बटण दाबलं की बीपी लगेच समोर येतं, अजून एक बटण, सलाइन लागलं. खऱ्या गाडीत बीपी बघायलाच अर्धा-पाऊण मिनिट जातं, शीर सापडत नाही, पेशंटचा भाऊ आपला दंड धरून ओरडत असतो. पोरांना वेळेचा हिशेबच चुकीचा बसतो. आणि त्या सीनमध्ये आपल्याबरोबर पाच जणांची टीम होती, आपल्याकडे गाडीत कोण, एक डॉक्टर आणि एक पायलट म्हणजे ड्रायव्हर, बस्स. पायलट गाडी लावून, दिवे लावून, लोकांना मागे सारून येईपर्यंत तुम्ही एकटेच.

पर्थचा_संदीप:
नमस्कार ताई, डॉक्टर. मी मूळचा सांगलीचा, पर्थला पॅरामेडिक आहे. घाटमाथांचं सीपीआरबद्दलचं शंभर टक्के पटतं पण ताईंचा प्रश्न सीपीआरचा नाहीये ना, ट्रायजचा आहे, आणि तिथे चित्र वेगळं आहे. इथल्याच एडिथ कोवन युनिव्हर्सिटीत पॅरामेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाच्या २९ मुलांना एकच मोठ्या अपघाताचा प्रसंग दोन्हीकडे दिला होता, व्हीआरमध्ये पण आणि खऱ्या माणसांना मेकअप करून पेशंट बनवलेल्या ड्रिलमध्ये पण, २०२० ला छापून आलंय. टॅग बरोबर लावण्यात जवळजवळ फरक नव्हता आणि खर्च लाइव्ह ड्रिलचा कितीतरी पट जास्त. शारीरिक दमणूक मात्र लाइव्हमध्ये जास्त वाटली मुलांना, ते साहजिकच आहे, तिथे धावायचं, वाकायचं, गुडघ्यावर बसायचं असतं.

कारण बघा, स्टार्ट या ट्रायजच्या ठरलेल्या पद्धतीत हाताचं काम थोडं आणि निर्णयाचं जास्त. चालतोय तर हिरवा. श्वास नाही तर श्वासमार्ग मोकळा करायचा, तरी नाही तर काळा, आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० च्या वर, लाल. मनगटाला नाडी लागत नाही किंवा नख दाबल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त, लाल. साधी सूचना पाळत नाही, लाल. उरलेले पिवळे. एका माणसाला अर्धा-एक मिनिट. हे चाळीस वेळा, दरवेळी वेगळ्या पेशंटवर करायला मिळणं महत्त्वाचं, आणि मैदानातलं ड्रिल तुम्ही वर्षातून दोनदाच घेऊ शकता, हेडसेटवर एक मुलगी एका दुपारीत सहा वेळा करते. तुमचे ते दोघं सीपीआर करत बसले ना, त्यांना हाच सीन परत परत द्या, तिसऱ्या-चौथ्या वेळी ते पुढे जातात. पहिल्यांदा पुढे गेल्यावर आमच्यातली एक जण हेडसेट काढून रडली होती, तिच्याशी बोलायला माणूस लागतो, ते मशीन करत नाही. म्हणून सीन दहा मिनिटांचा तर त्यानंतरची चर्चा किमान वीस मिनिटांची, हे ठरवूनच टाका.

किरण_पुणे:
मी मेडिकलवाला नाही, दोन कॉलेजांच्या व्हीआर लॅबचं काम बघतो, मशीनबद्दल तेवढं सांगतो कारण डेमोत हे कोणी सांगत नाही. दहा हेडसेट घेऊ नका, चार घ्या. सीन टीव्हीवर कास्ट करा, एक जण आत आणि बाकीची पोरं स्क्रीनवर बघत काय चुकलं ते लिहून काढतात, बघणाराही शिकतो. प्रत्येकाला निदान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते आणि सीलिंग फॅनखाली कोणाला उभं करू नका, हात वर गेला की हातातला कंट्रोलर पात्याला. बॅटरी दोन-अडीच तास. आणि हेडसेट खिडकीत ठेवला आणि काचेवर ऊन पडलं तर आतली स्क्रीन जळते, एका लॅबमध्ये असे दोन एकाच आठवड्यात गेले.

चक्कर-मळमळ होणारी पोरं असतातच. डोळे सांगतात आपण चाललोय आणि कान सांगतो उभे आहोत, त्यातून ते होतं, म्हणून चालत्या ॲम्ब्युलन्सचा सीन सुरुवातीला नको, आणि कंट्रोलरच्या काठीने सीनमध्ये सरकत जाण्यापेक्षा एकदम दुसऱ्या जागी पोचण्याची सोय असलेलं सॉफ्टवेअर निवडा. चष्मेवाल्यांसाठी स्पेसर, म्हणजे आत चष्म्याला जागा करणारी चौकट, बघून घ्या.

मोठा प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे. बरीच ॲप इंग्लिशमध्ये, पेशंट इंग्लिशमध्ये कण्हतो, गाडी अमेरिकन. त्यापेक्षा चारी बाजूंचं एकदम टिपणारा ३६० कॅमेरा घ्या आणि तुमचे सीन तुम्हीच शूट करा, गोदाघाटाच्या पायऱ्या, एसटी स्टँड, कसारा घाटातलं वळण, पेशंट म्हणून तुमचीच मुलं. त्यात आपण चालू शकत नाही, एका जागी उभं राहून मान फिरवूनच बघता येतं, पण आधी कुणाकडे जाल हे विचारायला तेवढं पुरतं.

युरोपात यावर मेडफर्स्टएमआर नावाचा प्रकल्प २०२१ ला सुरू झाला, त्यात हेडसेटबरोबर खराखुरा मॅनिकिन जोडला, डोळ्याला अपघात दिसतो आणि हाताला शरीर लागतं. ते आपल्या बजेटमध्ये बसणारं नाही पण दिशा बरोबर वाटते, नुसतं हेडसेट की नुसता मॅनिकिन असं नाहीच ते.

गोदाकाठ:
खूप आभार सगळ्यांचे, सरांना हे सगळं प्रिंट काढून देणार आहे. संदीपदादा, काळ्या टॅगबद्दल एक विचारायचं होतं. चेंगराचेंगरीत बरीच माणसं छाती दाबली जाऊन श्वास कोंडून जातात, कधीकधी उभ्या उभ्याच, अंगावर जखम पण नसते. अशा धडधाकट दिसणाऱ्या माणसाला काळा लावायला पोरांचा हात धजेल का? आणि लहान मुलांचं काय?

पर्थचा_संदीप:
मुलांसाठी जंपस्टार्ट वापरा, स्टार्टचाच लहान मुलांसाठीचा प्रकार, त्यात श्वास नाही पण नाडी लागतेय अशा मुलाला आधी पाच श्वास द्यायचे आणि मगच ठरवायचं. मोठ्यांमध्ये श्वासमार्ग मोकळा करण्याची पायरी कोणीही गाळायची नाही, तुम्ही सांगताय त्या पेशंटमध्ये तीच पायरी एखाद्याला वाचवते. आणि पोरांना हे समजावा की काळा टॅग म्हणजे शेवटचा शब्द नाही, या क्षणी माझे दोन हात दुसरीकडे जास्त कामाचे आहेत एवढाच त्याचा अर्थ. अजून गाड्या आल्या, हात वाढले की परत फेरी मारायची, टॅग बदलू शकतो.

घाटमाथा:
संदीपने चांगलं सांगितलं. मी माझी चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी देवदर्शनाला निघालेला टेम्पो उलटला होता, चौदा जण. मी सरळ सगळ्यात जास्त ओरडणाऱ्या बाईंकडे गेलो, मांडी मोडली होती, भयानक दिसत होतं, पण त्या शुद्धीत होत्या, नाडी चांगली होती. गटाराच्या कडेला एक पोरगा टेकून गप बसला होता, त्याच्याकडे मी सहा-सात मिनिटांनी गेलो, श्वास चाळीसच्या वर, ओठ निळे. वाचला तो, पण ती सहा मिनिटं मला अजून आठवतात. तुमच्या सीनमध्ये असा एक गप्प पेशंट कोपऱ्यात ठेवाच, दरवेळी वेगळ्या कोपऱ्यात. यासाठी हेडसेट उपयोगाचा आहे हे मला आता पटतंय, मॅनिकिनवर हे शिकवता येत नाही.

आणि भाषा. सिंहस्थाला तमिळ, तेलुगू, बंगाली, सगळीकडची माणसं येणार. "माझा हात दाबा" म्हटलं आणि त्याला कळलंच नाही तर आपण सूचना पाळत नाही म्हणून लाल लावून मोकळे. आपली मूठ उघडून-मिटून दाखवायची आणि त्याने तसं केलं का बघायचं. "चालता येतंय त्यांनी इकडे या" हे पण मोठ्याने, हात हलवून, हिंदीत. हेडसेटमध्ये त्याला बटण असेल तरी पोरांना घसा फोडून ओरडायला लावा, पहिल्या वेळी कुणाचा आवाजच फुटत नाही.

गोदाकाठ:
मूठ उघडून-मिटून दाखवायचं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं डॉक्टर, उद्याच वर्गात घेते. सरांशी आत्ता फोनवर बोलले, चार हेडसेट, एक ३६० कॅमेरा आणि उरलेल्यात फीडबॅक दाखवणारे मॅनिकिन, यावर ते तयार होतील असं वाटतंय. पहिला सीन गोदाघाटाच्या पायऱ्यांवर शूट करायचा विचार आहे, पुढच्या रविवारी पहाटे, गर्दी नसताना. वयस्कर पेशंट म्हणून कोणी मिळेल का, आमची सगळी पोरं विशीतली आहेत.

घाटमाथा:
रविवारी माझी सुट्टी आहे, शनिवारी रात्रीच्या एसटीने येतो. माझे वडील पण यायचं म्हणतायत, ६८ वय आहे, त्यांना पायरीवर नीट बसता येईल अशी जागा बघून ठेवा.