मदत हवी आहे: तोमातियोची (छोट्या हिरव्या टोमॅटोसारखं, कागदी आवरणातलं मेक्सिकन फळ) फुलं गळतात, फळ धरत नाही

आम्ही मेक्सिकोत, केरेतारोला राहतो. शेजारच्या आजी गेरेरो राज्याकडच्या. त्यांच्याकडून हिरवं पोसोले (मक्याच्या दाण्यांचं मेक्सिकन सूप) शिकले आणि त्याचं साहित्य गच्चीवरच लावायचं ठरवलं. मुळा, लेट्यूस छान आलेत, एपासोते (स्वयंपाकातली उग्र वासाची मेक्सिकन वनस्पती) तर तणासारखं माजलंय. अडलंय तोमातियोपाशी. एकट्या झाडाला फळ धरत नाही म्हणून दोन रोपं शेजारी लावली. मधमाश्याही येतात, तरी फुलं गळतात. दोन्ही रोपं एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलीत, त्यामुळे असेल का? की दुपारच्या उन्हामुळे? आत्ता जुलैत नवं बी पेरलं तर चालेल?

आणि काकाउआसिंत्ले (पोसोलेत घालतात तो मोठ्या, पांढऱ्या दाण्यांचा) मका कुंडीत कुणी घेतलाय का? चुन्यात शिजवून सालं काढली की त्याचे दाणे उकळताना फुलासारखे उमलतात. तो घरचाच असावा असं फार वाटतं.