हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार : आपापल्या घरचे अनुभव लिहा

नौपाडा, ठाणे (धागाकर्ती)
माझ्या भाच्याला १९व्या वर्षी हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी निघाली. यात हृदयाचा स्नायू जाड होतो, रक्त बाहेर पडायची वाट अडू शकते, ठोके बिघडू शकतात. साधारण ५०० माणसांत एकाला असतो म्हणतात, तरी आमच्याकडे कुणी नावही ऐकलं नव्हतं. ज्यांच्या घरी आहे त्यांनी मोकळेपणी लिहा.

कोपरी, आई
मुलगा गोविंदा पथकात. थर लावताना नाही, मैदानाला फेऱ्या मारताना पडला. मिनिटभरात उठलाही. "उपाशी असेल" म्हणत सगळ्यांनी ग्लुकोजचं पाणी पाजलं. आमच्या डॉक्टरांनी मात्र आधी हेच विचारलं, धावता धावता पडला की थांबल्यावर? मग त्याला उकिडवं बसवून छाती ऐकली, उभं करून परत ऐकली. उभं राहिल्यावर आवाज वाढला. इकोत (हृदयाची सोनोग्राफी) हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत २१ मिलिमीटर निघाली. १२च्या आत हवी. पळताना भोवळ आली तर ती अशक्तपणावर ढकलू नका हो!

नेरूळ, बाबा
मेव्हणा तरुणपणीच झोपेत गेला, सगळे अटॅकच म्हणाले. पुढे बायकोला जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा उलगडलं. आई किंवा वडिलांकडून हा दोष प्रत्येक मुलात येण्याची शक्यता ५० टक्के. लेकीचा इको आज नॉर्मल आहे, पण वाढीच्या वयात स्नायू जाड होऊ शकतो, म्हणून एक-दोन वर्षांनी पुन्हा करायचा. जीनची चाचणी आधी बायकोची केली. तिच्यात दोष सापडला तरच लेकीची करण्यात अर्थ.

खारघर
बीटा ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी गोळी) चालू आहे. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की गरगरतं. बाकी ठीक.

ऐरोली, वय २३
मला आयसीडी, म्हणजे ठोक्यांवर नजर ठेवणारं छोटं यंत्र, बसवलंय. आजार बरा करत नाही ते, ठोका जीवघेणा बिघडला तर शॉक देतं. डाव्या खांद्याखाली डबी हाताला लागते. ठाण्याच्या गाडीत सॅकचा पट्टा नेमका तिथेच घासतो, म्हणून सॅक पुढे, उजव्या खांद्यावर. चालायची परवानगी आहे, रोज चालते. लग्नाचं बघताना लपव असं मावशी सांगते. मी लपवणार नाही. समोरच्यालाही पुढच्या मुलांचा विचार करता आला पाहिजे.

नौपाडा
कोपरीच्या ताई, धाकट्याचा इको झाला का?

कोपरी
शनिवारची वेळ मिळालीय. त्याचा, माझा आणि ह्यांचा, तिघांचाही.