मदत हवी आहे: अप्पांची जुनी ॲटलास चालू केली, पण पायडल लंगडतंय आणि सोलापूरच्या उन्हाचं काय करू?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आमच्या जिन्याखाली अप्पांची सायकल 22-23 वर्षं पडून होती. वर जुन्या गाद्या, कूलरचं खोकं, भावाचं कॅरमबोर्ड, सगळं तिच्याच अंगावर. या पाडव्याच्या आधी जिना रंगवायला काढला म्हणून सगळं बाहेर आलं, भंगारवाला दारातच उभा होता, त्याने सायकल एका हाताने उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि तेवढ्यात अप्पा आतून म्हणाले, "ती नाही द्यायची." बस. परत पेपरात डोकं घातलं. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणाले थांबा, मी चालू करते हिला.

तर सायकल म्हणजे आपली नेहमीची काळी मोठी, मधली नळीवाली, सळईचे ब्रेक, फुल चैनकव्हर, समोर डोक्यावर पृथ्वी घेतलेल्या पैलवानाचा बिल्ला (लहानपणी मला तो मारुतीच वाटायचा). अप्पा लूमवर जॉबर (मागांची देखरेख-दुरुस्ती बघणारे) होते, पाळीला हिच्यावरनंच जायचे आणि सुट्टीच्या दिवशी कॅरियरवर चादरींचे गठ्ठे बांधून पेठेत पोचवायचे, त्याने कॅरियर एका बाजूला कायमचा कललाय. मी पण हिच्यावरच शिकले, नळीखालून पाय घालून हाफ पायडल.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते. मी युनिफॉर्म शिवणाऱ्या एका युनिटमध्ये अकाउंटला आहे, त्यामुळे शिलाई मशीनचं तेल म्हटलं तर हवं तेवढं. सगळ्या नटांवर तेच सोडलं, तीन दिवस रोज. ब्रेकचे रबर पार दगड झाले होते, चारही बदलले. चैन डिझेलमध्ये बुडवून ठेवली, तिच्यातून जो चिखल निघाला तो बघून आई म्हणाली ही बादली आता घरात आणायची नाही. चाकांच्या तारा मोजल्या, पुढे 32 आणि मागे 40, मागच्या दोन तुटलेल्या. पुढे-मागे सारख्याच असतात असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मग पायडलच्या दांड्याची पिन. ही कॉटर पिन नावाची वस्तू ज्याने शोधली त्याला माझा साष्टांग नमस्कार. नट काढून हातोडा मारला, पिन हलली नाही, तिचे आटे मात्र चेपले. मग दुकान गाठलं. (कुठलं ते सांगत नाही, माणूस वयस्कर आहे आणि मनाने चांगला आहे.) त्यांनी दोन्ही पिना नव्या बसवल्या, मधल्या एक्सलचे छर्रे बदलले, चाकांचा आऊट (वाकडेपणा) काढला. म्हणाले ताई ओव्हरऑयलिंग फुल केलंय, आता पाच वर्षं बघायचं नाही. घेऊन निघाले तर सातरस्त्यापर्यंत येईतोवर लक्षात आलं, पायडल मारताना एक पाय जरा आधी पोचतोय. म्हणजे कसं सांगू, जिना उतरताना शेवटची पायरी थोडी बुटकी निघाली की पाय कसा दचकतो, तसं दर फेरीला. परत गेले तर म्हणाले, जुनी सायकल आहे, सवय होईल.

सवय नाही झाली. गुडघा मात्र दुखायला लागलाय.

दुसरी भानगड टायरची. ट्यूब दोन्ही नव्या टाकल्या, टायर जुनेच ठेवले कारण दिसायला बरे होते आणि 28 दीडचा (28 इंची, दीड इंच जाड) टायर इकडे दोन दुकानांत नव्हता. मागच्या बुधवारी युनिटच्या बाहेर सायकल उन्हात होती, तीनच्या सुमारास असा आवाज झाला की कटिंगवाल्या बायका ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणून बाहेर पळाल्या. मागची ट्यूब. आता प्रत्येक जण सांगतोय, उन्हात हवा फुगते, निम्मीच भरत जा. खरंय का हे?

आणि ऊन. घर कन्ना चौकाच्या बाजूला, काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत, जाऊन-येऊन 10 किलोमीटर धरा. सकाळी जाताना काहीच वाटत नाही, साडेसातला रस्ते मोकळे. पण शाळा उघडायच्या आधीचा आमचा सीझन, पाळी आठ ते साडेचार, म्हणजे सुटते तेव्हा 42 अंश आणि खालनं डांबर भाजतंय. परवा घरी पोचले, कूलरसमोर बसले आणि अंगावर काटा आला, डोकं ठणकत होतं, जेवण गेलं नाही. अप्पा म्हणाले, "आम्ही दुपारच्या पाळीला जायचो की." मी म्हटलं अप्पा तुम्ही तेव्हा तिशीत होता, मी 43 ची आहे.

शेवटचं, रंगाचं. भाऊ म्हणतो पावडर कोटिंग करून टाक, नवीकोरी दिसेल. मला नकोय, चैनकव्हरवर अप्पांनी स्वतः ब्रशने नाव लिहिलंय. पण गंज वाढायला नको. शिवाय मागच्या मडगार्डवर एक पत्र्याचा बिल्ला सापडलाय, सायकलपट्टीचा (सायकलवरच्या कराचा) असावा, त्यावर फक्त "...पालिका" एवढंच वाचता येतं, आधीचा भाग गंजलेला. सोलापूरची महानगरपालिका झाली 1964 ला, त्याआधी नगरपालिका. अप्पांनी सायकल सेकंडहँड घेतलेली, किती जुनी त्यांनाही माहीत नाही. म्हणजे सगळं त्या गंजलेल्या अक्षरांवर अडलंय. ते कसं साफ करू की अक्षरं जाणार नाहीत?

तर पायडल, टायर, ऊन, गंज. कुणी सांगेल का?

—

विजापूर वेस:

ताई, पायडलचं उत्तर सोपंय, तुमच्या मिस्त्रींनी दोन्ही पिना एकाच दिशेने घातल्यात. कॉटर पिनेला एका अंगाला चपटा उतार असतो, तो एक्सलच्या खाचेवर बसतो. दोन्ही बाजूंनी तो उलटसुलट यायला पाहिजे, नाहीतर दोन दांडे एका रेषेत येत नाहीत, थोडा कोन पडतो आणि तुमची ती बुटकी पायरी तिथंच आहे. घरी बघा, दोन्ही पायडल जमिनीला आडवे धरा, एका पिनेचं नट वरच्या अंगाला असेल तर दुसरीचं खाली हवं. दोन्ही वर किंवा दोन्ही खाली दिसले तर एक पिन काढून उलटी घाला, झालं. तसं नसेल तर दोन पिना वेगवेगळ्या कंपनीच्या असतील, चपट्या भागाचा उतार सारखा नसतो, जोडी एकाच डब्यातली घ्या आणि जुनी पिन मापाला बरोबर न्या.

काढताना नट पूर्ण काढू नका, आट्यांच्या टोकाशी सपाट येईल इतकंच सैल करा म्हणजे मार नटावर बसतो, आटे चेपत नाहीत. आणि दांड्याखाली जमिनीपर्यंत लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवा. नाहीतर हातोड्याचा सगळा दणका आतल्या छर्र्यांना जातो, पिन तशीच राहते. एकच जोरात घाव घाला, टकटक दहा घाव घालून फक्त राग येतो. नवीन घातल्यावर 10-15 किलोमीटर चालवून नट परत एकदा आवळा, पिन थोडी आत बसतेच.

पुढेमागे मधला एक्सल स्वतः उघडलात तर चैनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, डावं पायडल पण. आमच्या चुलत्यांनी ते सुलटं समजून पान्याला नळी लावून जोर दिला होता, पुढचं सांगत नाही.

आता टायर. हवा उन्हात वाढते पण किती? सकाळी 45 पाउंड भरली आणि टायर तापून 60 अंशाला गेला तरी 51-52 पाउंडच्या आसपास जाईल. एवढ्याने चांगला टायर फुटत नाही. फुटला तो तुमचा 22 वर्षं जिन्याखाली वाळलेला टायर. रिमच्या कडेला बोटाने दाबून बघा, बारीक चिरा दिसतील, तिथनं ट्यूबने जीभ बाहेर काढली असणार. टायर बदला, दोन्ही. निम्मी हवा भरून चालवलीत तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, शिवाय रिमची कड वाकते ती वेगळी. हवा पूर्ण भरा, सायकल सावलीत लावा. व्हॉलची रबरी नळी उन्हात चिकट होते तेवढी एक वर्षाला बदलत जा, बरेचदा लोक पंक्चर शोधत बसतात आणि हवा तिथनं जात असते. आणि एमआयडीसीत रस्त्याच्या कडेने चालवू नका, सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे.

रंगाला हात लावू नका. भावाला सांगा पावडर कोटिंगला आधी जुना रंग सगळा उडवतात, अप्पांचं नाव पहिलं जाईल. काळ्या भागावर पातळ तेलाचा हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसा. हँडल आणि रिमच्या चकाकीवर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, गंज निघतो आणि ओरखडे पडत नाहीत. सुटे नट-बोल्ट असतील तर लिंबूफुलाच्या पाण्यात तास-दोन तास, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवून लगेच तेल. चकाकीवाल्या वस्तू मात्र त्यात ठेवू नका. शिलाई मशीनचं तेल चैनला ठीक, पण हबमध्ये आणि मधल्या एक्सलमध्ये ग्रीसच पाहिजे.

—

हिप्परगा रोड:

बिल्ल्याचं मला माहीत नाही, उन्हाचं सांगतो. वय 61, सायकल रोजची.

तुम्ही जे लिहिलंय ना, अंगावर काटा, डोकं ठणकणं, जेवण न जाणं, ते ऊन लागल्याचंच आहे, हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडची गर्मी कोरडी. मुंबईत माणूस निथळतो म्हणून त्याला कळतं तरी, इथं सायकलवर घाम येतो आणि तिथल्या तिथं वाळतो, शर्ट कोरडाच राहतो, म्हणून वाटतं आपल्याला घामच येत नाही. थांबलं की एकदम फुटतो तो तेव्हा कळतं. तोवर बरंच पाणी गेलेलं असतं अंगातलं. तहान लागायची वाट बघू नका, निघायच्या आधी अर्ध्या तासात दोन ग्लास पिऊन निघा. नुसतं पाणी नाही, एक लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (लहान चमचे, सपाट), लिंबू पिळा. ताक चालतं, पन्हं चालतं. चहा पिऊन निघू नका.

डोक्याला आपला सोलापुरी टॉवेल ओला करून, पिळून, कानावरनं घेऊन मानेपर्यंत. वर टोपी. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, ढगळा. खिशात कांदा ठेवतात लोक, माझी आई पण ठेवायची, ठेवा हवं तर, पण त्याच्या भरवशावर निघू नका.

आणि साडेचारला निघूच नका की ओ. सहाला निघा, दीड तास हिशोबाचं काम काढा कायतरी. डांबर तेव्हाही गरमच असतं पण डोक्यावरचं ऊन तिरकं होतं, त्याने लई फरक पडतो. चक्कर, मळमळ, बोलताना अडखळणं, यातलं काहीही झालं की तिथंच सावलीत बसायचं, घर जवळ आलंय म्हणून रेटायचं नाही. घाम थांबून अंग तापलं आणि माणूस बरळायला लागला तर पाणी मारत 108 लावायचा. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा, काही गोळ्यांनी पाणी जास्त जातं.

वारं समोरनं आलं की पायडल जड जातं, तेव्हा उभं राहून मारू नका. मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) 18 दाताचं असेल, 22 चं टाकून घ्या, हळू जाल पण धाप लागणार नाही.

—

सातरस्ता:

ताई स्कूटी घ्या बे सरळ. (चेष्टा हाय, रागावू नका. फोटो टाका की सायकलचा.)

—

मूळ धागा लिहिणारी:

मंडळी, आज रविवार, सगळं करून बघितलं.

पायडल आडवे धरले, दोन्ही नट वरच. अक्षरशः दोन्ही वर. पाइपचा तुकडा शेजारच्या प्लंबरकडून आणला, उजवी पिन एका घावात निघाली, मी घाबरून हातोडाच सोडून दिला. उलटी घातली आणि होम मैदानापर्यंत जाऊन आले, पायरी गेली! गुडघ्याचं कळेल दोन-चार दिवसांत. मिस्त्रींना जाऊन सांगितलं तर ते खाली वाकून बघत राहिले आणि म्हणाले, हां, झालं असेल. चहा पाजला.

टायरच्या कडेला चिरा आहेत, तुम्ही सांगितलेल्या जागीच. नवे टायर मिळेपर्यंत सायकल बंद.

सहाला निघायचं साहेबांना विचारलं, हो म्हणाले, जरा जास्तच लवकर हो म्हणाले, आता तो दीड तास रोज काम लावतील असं वाटतंय.

बिल्ला मी चिंचेच्या कोळाने हळूहळू घासला, आई पितळी भांडी घासते तसा, मग पुसून तेलाचं बोट. "नगरपालिका" पूर्ण वाचता येतं आता! पण त्याच्या आधी, बरोबर जिथं "महा" असेल तर असेल, तिथंच रिव्हेट मारून पत्रा मडगार्डला ठोकलाय. रिव्हेटभोवती गंजून भोक पडलंय. अप्पांना दाखवलं, त्यांनी चष्मा लावून उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "ज्याच्याकडून घेतली तो म्हणाला होता नवीच आहे."

आता एवढंच राहिलं, 28 दीडचे दोन टायर, सळई ब्रेकच्या रिमवर बसणारे, सोलापुरात नक्की कुठल्या पेठेत मिळतील? अंदाजे नको, ज्यांनी या वर्षात घेतलेत त्यांनीच सांगा.