मदत हवी आहे: मित्राचा जुना पीसी थंडीत सुरू होत नाही, मदरबोर्ड वाचवायचाच आहे

नमस्कार मंडळी,

हार्डवेअरमधल्या जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा प्लीज, थोडं लांबलंय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

माझ्या मित्राचं सिन्नरला डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर तयार करण्याचं) छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थेचे अहवाल अशी कामं. मशीन म्हणजे इंटेल जी३१ चिपसेटचा बोर्ड (मदरबोर्ड), कोअर २ ड्युओ, १ जीबीच्या दोन डीडीआर२ रॅम, १६० जीबीची साटा हार्डडिस्क आणि विंडोज एक्सपी. लगेच कोणी "नवीन घ्या की" म्हणेल म्हणून आधीच सांगतो, त्याचं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं आहे आणि त्याचं लॉक (डोंगल, म्हणजे जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) मागच्या पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या २५ पिनवाल्या पोर्टला लागतं. तो पोर्ट नवीन बोर्डांवर सहसा येत नाही. यूएसबीची कन्व्हर्टर केबल लावून पाहिली, पण ती फक्त प्रिंटरपुरती असते, लॉक ओळखत नाही. इतक्या वर्षांच्या सगळ्या फाइल्स त्याच जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये नाहीत. तुळशीचं लग्न झालं की त्याचा सीझन सुरू होतो आणि नेमका आत्ता हा प्रॉब्लेम आलाय.

प्रॉब्लेम असा की सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात, दोन-तीन सेकंदांत बंद, परत आपोआप चालू, परत बंद, असं चालूच राहतं. स्क्रीनवर काही नाही, बीप नाही. बऱ्याच वेळाने एकदाचा चालू झाला की मग दिवसभर मस्त चालतो, हँग नाही, रिस्टार्ट नाही. दुपारी बंद करून लगेच चालू केला तर पहिल्या फटक्यात चालू होतो. आणि थंडी वाढली तसा हा त्रास वाढलाय, उन्हाळ्यात असं काही नव्हतं.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगतो. रॅमचे पाय खोडरबरने घासून एकेक रॅम वेगवेगळ्या स्लॉटला लावून पाहिली, फरक नाही. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल (सेटिंग टिकवून ठेवणारा) नवा टाकला. सेल काढला की बायोस (बोर्डाची मूळ सेटिंग) डिफॉल्टला जातो, त्यामुळे साटाचा (हार्डडिस्कच्या जोडणीचा) मोड आयडीई होता तो आधी लिहून ठेवला होता, एक्सपी असणाऱ्यांनी हे नक्की करा नाहीतर मोड बदलला की ७बी एररवाली निळी स्क्रीन येते, विंडोज सुरूच होत नाही आणि माणूस हार्डडिस्कला दोष देत बसतो. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती ती बदलली. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मीटरने तपासला, मशीन चालू असताना पिवळी वायर ११.९ व्होल्ट, लाल ५.०, नारंगी ३.३, आणि बंद असताना जांभळी ५.०५, म्हणजे सगळं ५ टक्क्यांच्या आत आहे. तरी खात्री म्हणून दुसऱ्या मशीनचा चालू एसएमपीएस लावला, सकाळी तोच प्रकार.

मग टॉर्च घेऊन बोर्ड नीट पाहिला तर प्रोसेसरच्या बाजूचे तीन कपॅसिटर वरून फुगलेत, डोकं सपाट नाही, एकाच्या फुलीच्या खाचेत तपकिरी डागही आहे. ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरडचे आहेत. वाचलं होतं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारे झाले की त्यांचा आतला रेझिस्टन्स (ईएसआर) वाढतो आणि थंडीत अजून वाढतो, मग प्रोसेसरला स्थिर व्होल्टेज मिळत नाही. म्हणून सकाळी मशीन तसंच थंड असताना, प्लग काढून, हेअर ड्रायरने कमी हीटवर लांबून फक्त तेवढाच भाग कोमट केला आणि बटण दाबलं, पहिल्या झटक्यात चालू! दुसऱ्या दिवशी परत करून पाहिलं, परत तेच. त्यामुळे माझ्या मते दोष तिथेच आहे. गावातल्या रिपेअरवाल्याने बोर्ड न उघडताच "बोर्ड गेला" म्हणून सांगितलं होतं, ते मला पटलेलं नाही.

हार्डडिस्कचंही सांगतो, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) करंट पेंडिंग सेक्टरच्या, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांच्या ओळीत आकडा दिसत होता म्हणून सगळ्यात आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा उचलणारा प्रोग्राम) चालवून दुसऱ्या डिस्कवर पूर्ण क्लोन घेतला, त्यावरून एक्सपी व्यवस्थित बूट होतंय. मित्राचा जीव त्या फाइल्समध्ये अडकलाय, त्यामुळे डेटा हातात आल्याशिवाय बाकी कशाला हात लावायचा नाही असं ठरवलंच होतं.

आता प्रश्न. फुगलेले तीनच बदलू का त्या रांगेतले सगळे? दिसायला चांगले असले तरी वय तेच आहे, म्हणून माझा कल सगळ्यांकडे आहे. त्या जागी सॉलिड पॉलिमरवाले चालतील का, आणि चालत असतील तर मायक्रोफॅरड तेवढेच लागतात का कमी चालतात? का सरळ १०५ डिग्रीचे लो ईएसआर घेऊ? सिन्नरला असे मिळत नाहीत, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार आहे, तिथे खात्रीचा माल कसा ओळखायचा? जुने काढलेले पॉलिश करून विकतात असं ऐकून आहे.

दुसरं म्हणजे सोल्डरिंग. माझ्याकडे २५ वॉटची आयर्न आहे, रेडिओ-बिडिओ दुरुस्त केलेत, पण मदरबोर्डला आत अनेक थर असतात आणि ग्राउंडचा पाय सगळी उष्णता खेचून घेतो, त्यामुळे ती पुरणार नाही असं वाटतंय. ६० वॉटची घेऊन, आधी ताजं सोल्डर लावून मग पंपाने ओढलं तर जमेल का, का मोबाइल रिपेअरवाल्याकडे हॉट एअरने (गरम हवेच्या मशीनने) करून घेऊ? भोकातला तांब्याचा पत्रा उचकटला तर बोर्ड कायमचा गेला, आणि तो माझा नाही, मित्राच्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून एवढं विचारतोय.

आणि समजा नाहीच जमलं तर पॅरलल पोर्टवाला सेकंडहँड जी३१ किंवा जी४१ बोर्ड घेतला तर हाच क्लोन त्यावर उठेल का? जी३१ ला तोच साउथब्रिज (डिस्क वगैरे सांभाळणारी चिप) असल्याने उठावा असा अंदाज आहे, पण कोणी प्रत्यक्ष केलंय का?

बोर्डाचा फोटो उद्या सकाळी उजेडात काढून टाकतो. रविवारी पुण्याला जातोय, त्याआधी कपॅसिटरचं तरी कोणी सांगा.