हायडनचा ऑपेरा उघड्यावर: तयारी काय करावी?

प्रश्न: संगीतकार हायडनचा ऑपेरा (गाण्यांतून सादर होणारं नाटक) 'इल मोन्दो देला लुना' ('चंद्रावरचं जग', १७७७) उन्हाळ्यात बागेत होतोय. क्वचितच होतो, म्हणून चुकवायचा नाही. पण इटालियन येत नाही. कुठे बसावं, काय न्यावं?

प्रतिसाद १: कथानक वाचून जा. भाषांतराच्या पडद्यावर भिस्त नको. उजेड असेपर्यंत अक्षरं पुसट दिसतात. पहिल्या अंकाच्या शेवटी तोतया ज्योतिषी एक्लितिको भोळ्या बुओनाफेदेला गुंगीचं औषध पाजतो. दुसऱ्या अंकात बुओनाफेदे बागेत जागा होतो आणि चंद्रावर पोचलो असं समजतो. म्हणजे बागेतल्या प्रयोगाला नेपथ्य आयतंच!

प्रतिसाद २: माइक नसतील तर पुढच्या रांगा, मधोमध. आवाज परतवायला भिंती नसतात, त्यामुळे मागे सूर पोचतो पण शब्द विरतात. बाजूने वारा असेल तर आणखीच.

प्रतिसाद ३: उशी, शाल, रेनकोट. छत्री नको, मागच्यांना काही दिसत नाही. वाद्यांना जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या तारा असतील तर दमट हवेत त्या बेसूर होतात आणि मध्येच पुन्हा जुळवाव्या लागतात. संपलं समजून उठू नका. पावसाने प्रयोग अर्धवट राहिला तर पैसे परत मिळतात का, ते तिकिटाच्या अटींत आधीच बघा.