उपग्रहांचं रक्षण करणारी लष्करी कमांड दिवसभर नेमकं करते काय?

ध्रुवतारा

गेले दोन आठवडे अमेरिकेच्या स्पेस कमांडबद्दल वाचतेय आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. सैन्य म्हटलं की डोळ्यांपुढे सीमा येते, चौकी येते, पहारेकरी येतो. इथे खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगानं पळतोय, दीड तासात पृथ्वीला फेरी मारतोय. त्याच्याभोवती पहारा बसवणार कसा? आणि दुसऱ्या देशाचा उपग्रह शेजारून गेला तर तो काही गुन्हा नाही. मग "रक्षण" करतात म्हणजे काय करतात? शिवाय स्पेस फोर्स आणि स्पेस कमांड एकच का? मला नववीच्या मुलांसमोर यावर तासभर बोलायचंय. मलाच न पटलेलं त्यांना सांगायचं नाहीये.

खगोलप्रेमी

शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो आधी घेतो. एकच नाहीत. स्पेस फोर्स हे नौदल किंवा हवाई दलासारखं एक दल आहे, 20 डिसेंबर 2019 ला स्थापन झालेलं. माणसं भरती करायची, तयार करायची, यंत्रणा उभारायची हे त्यांचं काम. स्पेस कमांड ती माणसं आणि ती यंत्रणा प्रत्यक्ष मोहिमेत वापरते. तिच्यात बाकीच्या दलांचे लोकही असतात. ही कमांड पहिल्यांदा 1985 मध्ये झाली होती. 2002 मध्ये ती मोडून काम अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या स्ट्रॅटेजिक कमांडकडे दिलं, आणि 29 ऑगस्ट 2019 ला पुन्हा उभी केली. इतर कमांडना जसा एकेक भूभाग वाटून दिलाय, तशी हिची हद्द म्हणजे समुद्रसपाटीपासून 100 किलोमीटरच्या वरचं सगळं.

रात्रपाळी

ध्रुवताराताई, मी सैन्यात नव्हतो. पण 19 वर्षं एका भूस्थिर (पृथ्वीच्याच गतीनं फिरत आकाशात एका जागी दिसणाऱ्या) दूरसंचार उपग्रहाच्या नियंत्रण कक्षात पाळ्या केल्या, त्यामुळे तुमच्या "म्हणजे काय करतात" याचं थोडं उत्तर माझ्याकडे आहे.

एका रात्रीचं सांगतो. सव्वादोनच्या सुमारास सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या पडद्यावर आमच्या कॅरियरच्या (सिग्नल वाहून नेणाऱ्या लहरीच्या) कडेला एक उंचवटा दिसायला लागला. तिथे काहीही असायला नको होतं. दहा मिनिटांत ग्राहकांचे फोन सुरू झाले, चित्र फुटतंय, आवाज तुटतोय. त्या आठवड्यात दोन देशांमधलं वातावरण तापलेलं होतं आणि माझ्या जोडीदारानं नोंदवहीत लिहूनसुद्धा टाकलं, "हेतुपुरस्सर जॅमिंग", म्हणजे कुणीतरी मुद्दाम सिग्नल अडवतंय. मी त्याला म्हटलं, हे तुला माहीत आहे की नुसतं वाटतंय? वहीत खाडाखोड चालत नाही, एक रेघ मारून शेजारी सही करायची असते. त्यानं रेघ मारली, सही केली आणि खाली लिहिलं, "अनोळखी कॅरियर, उगम शोधत आहोत".

मग एकेका स्टेशनला फोन. मिनिटभर तुमचा कॅरियर बंद करा, आम्ही उंचवटा खाली बसतो का बघतो. नाही बसला. ठीक आहे, चालू करा. पुढचं स्टेशन. असं साडेसहापर्यंत चाललं. शेवटी एका प्रक्षेपण गाडीनं कॅरियर बंद केला आणि पडद्यावरची रेघ सपाट झाली. अँटेनाचं ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा) नीट न जुळवता तिथल्या तंत्रज्ञानं पॉवर चढवली होती, म्हणून त्याचा सिग्नल आमच्याकडे सांडत होता. पोरगा रात्रभर जागा होता, फोनवर पुन्हा पुन्हा माफी मागत होता.

आता हाच उपग्रह लष्कराचा धरा, आणि ते सव्वाचार तास तणावातले धरा. वर काही बिघडलं तर ते सौरवादळानं बिघडलं, सुटा भाग निखळल्यानं बिघडलं, कुणाच्या चुकीनं बिघडलं की कुणी मुद्दाम बिघडवलं, हे छातीठोकपणे सांगता येणं हेच अशा कमांडचं सगळ्यात मोठं काम आहे असं माझं ठाम मत आहे. तिथं जाऊन बघता येत नाही. म्हणून आधीपासून, सतत, सगळ्याच गोष्टी बघत राहाव्या लागतात.

त्यासाठी रडार आणि दुर्बिणींचं जाळं आहे. मार्शल बेटांमधल्या क्वाजालीनवरचं स्पेस फेन्स नावाचं रडार 2020 मध्ये कामाला लागलं. या सगळ्या नोंदींमधून प्रत्येक तुकड्याची कक्षा काढून यादी ठेवली जाते आणि लष्कराच्या तुकडीकडून टकरीचे इशारे जातात, तेही फक्त स्वतःच्या लोकांना नाही. आमच्यासारख्या नागरी कंपनीलाही ते यायचे: अमुक वेळेला अमुक वस्तू, इतक्या अंतरावरून. कुणाच्या सैन्याकडून रोज असं काही फुकट मिळतं याचं मला तेव्हाही अप्रूप होतं, आजही आहे.

कक्षाभ्रमण

रात्रपाळी, लिहिलंय छान, पण नुसतं बघून भागतं हे मला मान्य नाही. चोर दिसला आणि दार उघडंच राहिलं तर काय उपयोग? 24 फेब्रुवारी 2022 चं घ्या. रशियानं युक्रेनवर चढाई केली त्याच सकाळी व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या केए-सॅट या उपग्रह-इंटरनेट जाळ्यावर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला कुणी हात लावला नाही. जमिनीवरचे हजारो मोडेम निकामी केले, आणि युक्रेनशी काही संबंध नसलेल्या जर्मनीसह मध्य युरोपातल्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांचं दूरनियंत्रण तुटलं. हा रशियाचाच हल्ला असं अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघानं जाहीर केलं ते थेट 10 मे ला. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. ग्राउंड स्टेशन, सॉफ्टवेअर, घरोघरचे मोडेम हेही रक्षणातच येतं, आणि तिथं दार आधी लावावं लागतं.

ध्रुवतारा

कक्षाभ्रमण, हे मोडेमचं मुलांना लगेच कळेल, घेतेच. पण एक शंका. शत्रूचा उपग्रह आपल्याजवळ येऊन घुटमळत असेल तर तो पाडत का नाहीत? क्षेपणास्त्रं तर आहेत ना?

खगोलप्रेमी

आहेत. चीननं 2007 मध्ये, अमेरिकेनं 2008 मध्ये, भारतानं 27 मार्च 2019 ला आणि रशियानं 15 नोव्हेंबर 2021 ला आपापलाच उपग्रह पाडून दाखवला. पण पाडलं की तुकडे होतात आणि तुकडा पाडणाऱ्याचा देश विचारत नाही. रशियाच्या त्या चाचणीत माग काढता येतील असे दीड हजारांवर तुकडे झाले आणि अंतराळ स्थानकावरच्या सातही जणांना, त्यात दोन रशियनच होते, परतीच्या यानांमध्ये जाऊन बसावं लागलं. चीननं पाडलेला उपग्रह साधारण 865 किलोमीटरवर होता. त्याचे तीन हजारांवर तुकडे झाले, आणि तिथे हवेचा अडथळा नसल्यातच जमा, त्यामुळे बरेचसे अजून फिरताहेत. भारताची चाचणी 300 किलोमीटरच्या आसपास झाली, ती याच कारणानं. एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेनं असे तुकडे करणाऱ्या चाचण्या आपण करणार नाही असं जाहीर केलं.

रात्रपाळी

कक्षाभ्रमण, तुमचं बरोबर आहे, आमच्याकडेही सगळ्यात ढिला मामला पासवर्डांचाच होता. तेवढं मी सोडून द्यायला नको होतं.

घुटमळण्याबद्दल मात्र थोडं सांगायचंय, कारण ते ऐकताना वाटतं त्याहून अवघड आहे. बाजूला सरकायचं तर इंधन जाळावं लागतं आणि टाकीतलं इंधन म्हणजे उपग्रहाचं आयुष्य. आम्ही ते ग्रॅमवारी मोजायचो. समोरचा सारखा जवळ येतोय आणि तुम्ही सारखे सरकताय, तर त्यानं बोटही न लावता तुमची वर्षं खाल्ली.

दुसरं, जवळ येणं वाईटच असं नाही. 2015 मध्ये रशियाचा लुच-ऑलिम्प हा उपग्रह इंटेलसॅट कंपनीच्या इंटेलसॅट 901 या दूरसंचार उपग्रहाच्या शेजारी येऊन राहिला तेव्हा कंपनीनं जाहीर नाराजी दाखवली. त्याच इंटेलसॅट 901 ला फेब्रुवारी 2020 मध्ये एमईव्ही-1 नावाचं यान चक्क येऊन जोडलं गेलं, कंपनीच्या संमतीनं, उपग्रहाचं आयुष्य वाढवायला. पकडायचं तंत्र तेच. दुरुस्तीला आलाय की पळवायला, हे दुर्बिणीतल्या ठिपक्यावरून ठरत नाही, त्याच्या आधीच्या महिन्यांच्या हालचालींवरून ठरतं.

मुलांसाठी एक सुचवतो. जानेवारी 2020 मध्ये रशियाचा कॉसमॉस 2542 अमेरिकेच्या यूएसए 245 या टेहळणी उपग्रहाच्या मागावर आहे, हे एका हौशी निरीक्षकानं उघड्या माहितीवरून समाजमाध्यमावर मांडलं. तेव्हाचे कमांडप्रमुख जनरल रेमंड त्यावर जाहीरपणे बोलले ते फेब्रुवारीत. तेव्हा मुलांना सूर्य मावळल्यावर तासाभरानं बाहेर न्या. न लुकलुकता सरकणारा ठिपका दिसला की वेळ, दिशा आणि किती उंचावरून गेला ते वहीत लिहायला लावा, आणि दुसऱ्या दिवशी इंटरनेटवरच्या उपग्रहांच्या वेळापत्रकाशी जुळवून तो कोणता होता ते शोधू द्या. चुकलं तर खोडरबर देऊ नका. रेघ मारून सही.

ध्रुवतारा

वह्या उद्याच आणते. एकोणचाळीस मुलं आहेत, त्यामुळे रेघा भरपूर पडतील. ढग नसले तर शुक्रवारी नेते आणि काय दिसलं ते इथेच लिहिते.