लाइट नॉव्हेलवरचा ॲनिमे : रूपांतर की तीन महिन्यांची जाहिरात?

पानकिडा (धागाकर्ता)

मुद्दा सरळ मांडतो. लाइट नॉव्हेलवरचा (तरुण वाचकांसाठीच्या सचित्र जपानी कादंबरीवरचा) एका कूरचा (तीन महिन्यांच्या प्रसारण-हंगामाचा) ॲनिमे, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै किंवा ऑक्टोबरात सुरू होऊन १२-१३ भागांत आटोपणारा, ही मुळात पुस्तकाची जाहिरात असते. जाहिरात देखणी असू शकते. पण तिच्याकडून पुऱ्या कथेची आशा धरायची आणि मग वर्षानुवर्षं "सीझन २ कधी?" म्हणून गळा काढायचा, याला अर्थ नाही.

हिशेब बघा. बुन्को (खिशात मावेल अशा छोट्या) आकाराचा एक खंड साधारण २५० ते ३५० पानांचा. टीव्हीवरचा भाग २४ मिनिटांचा. आधीचं आणि नंतरचं गाणं दीड-दीड मिनिटाचं, ती वजा केली की उरली २१ मिनिटं. एका खंडाला चार भाग मिळाले तर ८४ मिनिटं, दोनच मिळाले तर ४२. एवढ्यात ३०० पानं कोंबायची म्हटलं की पहिली कात्री निवेदनाला लागते, आणि लाइट नॉव्हेलमध्ये बहुतेकदा निवेदन हाच खरा माल असतो.

ओरेगाइरूत हे स्वच्छ दिसतं, कारण मालिका एकच आणि वेग तीन. २०१३च्या सीझनने १३ भागांत पहिले ६ खंड उरकले. २०१५च्या सीझनने १३ भागांत ७ ते ११. २०२०च्या शेवटच्या सीझनला १२ भागांत फक्त १२, १३ आणि १४. पुस्तकात नायक हाचिमान स्वतःलाच फसवतोय हे वाचकाला त्याच्या आधी कळतं, कारण तो पानंच्या पानं स्वतःचं समर्थन करत असतो. पहिल्या सीझनमध्ये त्या समर्थनातलं एखादं वाक्य उरतं आणि तो नुसता तिरसट पोरगा वाटतो.

उलट '८६' बघा : २३ भागांत ३ खंड. 'कुसुरिया' (औषधवाली माओमाओ) : पहिल्या २४ भागांत २ खंड. 'कोनोसुबा'चा पहिला सीझन : १० भागांत २ खंड. लोकांच्या लक्षात राहिलेली नावं हीच, आणि तिन्ही सावकाश चाललेली.

मग बाकीचे घाई का करतात? ॲनिमेची घोषणा झाली की पुस्तकाच्या कागदी पट्ट्यावर ती छापून येते, जुन्या खंडांची पुनर्मुद्रणं निघतात, दुकानात पुस्तकं कपाटातून टेबलावर येतात. ८-१० खंड बाजारात असतील तर ४-५ खंड दाखवायचे, बऱ्यापैकी वळणावर थांबायचं आणि शेवटच्या भागाच्या सुमारास पुढचा खंड मांडून ठेवायचा. पुढचा सीझन हवा असलेल्यांनी गल्ल्याकडे जावं.

तिरपागडा

असहमत. खंड भागिले भाग हे गणित करायला सोपं आहे म्हणून सगळे तेच करतात.

'तोराडोरा' : १० खंड, २५ भाग, म्हणजे खंडाला अडीच. तुमच्या मोजपट्टीने हा चेंदामेंदाच व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मार्च २००९मध्ये दहावा खंड आणि शेवटचा भाग एकाच महिन्यात आले आणि कथा नीट संपली. 'बनी गर्ल सेनपाई' : २०१८मध्ये १३ भागांत ५ खंड, म्हणजे वेग जवळपास ओरेगाइरूच्या दुसऱ्या सीझनचाच. कुठे घाई जाणवते? जाणवत नाही, कारण तिथे प्रत्येक खंड म्हणजे एका मुलीची एक अडचण, सुरुवात-मध्य-शेवट असलेली. आणि गोष्ट संवादातून पुढे सरकते. संवाद पडद्यावर तसाच उचलून ठेवता येतो, निवेदन नाही. म्हणजे प्रश्न पानांचा नाही, पानांवर काय आहे याचा आहे.

२१ मिनिटंही काही दगडावरची रेघ नव्हे. 'रीझीरो'च्या पहिल्या सीझनचा पहिला भाग दुप्पट लांबीचा होता, आणि पुढे कितीतरी भागांत गाणी गाळून श्रेयनामावली चालू दृश्यावरच फिरवली. गाण्याचा खर्च आधीच झालेला असतो, संगीत कंपनी गुंतवणूकदारांच्या कमिटीत बसलेली असते, तरी दिग्दर्शकाने ती मिनिटं काढून घेतली. जाहिरात करणारा माणूस गाणं कापत नाही.

खरी गोम क्रमात असते. 'सोर्ड आर्ट ऑनलाइन'चा आइनक्राड (खेळातला बहुमजली किल्ला, नायक किरितो त्यात अडकतो) भाग बघा, १४ भागांचा. पहिला खंड सुरुवातीलाच खेळात अडकल्याचा दिवस दाखवतो आणि लगेच दोन वर्षं ओलांडून थेट ७४व्या मजल्यावर जातो. मधली दोन वर्षं मुद्दाम रिकामी ठेवलेली आहेत. दुसऱ्या खंडातल्या कथा म्हणजे त्या रिकाम्या काळातल्या खिडक्या, नंतर उघडलेल्या. ॲनिमेने सगळं कालक्रमाने लावलं : तिसरा भाग साची, चौथा सिलिका, पाचवा-सहावा आठव्या खंडातली खुनाची भानगड, सातवा लिझबेथ, आणि आठव्यापासून परत पहिला खंड. परिणाम काय? दर आठवड्याला नवी मुलगी किरितोला भेटते, भाळते आणि गायब होते. इथे घाई नव्हतीच, पहिल्या दोन खंडांचा जवळजवळ सगळा मजकूर आला आणि वर इतर ठिकाणचाही. भाग मुबलक मिळूनही गाडी घसरली.

आणि नेमकी हीच शस्त्रक्रिया क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओने 'व्हायोलेट एव्हरगार्डन'वर केली. पुस्तकात पहिल्याच प्रकरणात व्हायोलेट नावाजलेली पत्रलेखिका आहे, नाटककार ऑस्करकडे कामाला आलेली. ॲनिमेत ते प्रकरण सातव्या भागात येतं. त्याआधी तिचं शिकणं, चुकणं, प्रशिक्षण वर्ग हे सगळं नव्याने लिहून काढलं. कालक्रम इथेही लावला, पण मधली भोकं त्या क्रमाला शोभतील अशा नव्या भागांनी बुजवली. म्हणून ते उभं राहिलं.

पानकिडा

सोर्ड आर्टबद्दल मान्य. बाकी तुमचीच उदाहरणं माझ्या बाजूची आहेत. क्योटो ॲनिमेशनचा एसुमा बुन्को हा स्वतःचा प्रकाशन-छाप आहे. पुस्तकही त्यांचं, स्टुडिओही त्यांचा. बाहेरच्या प्रकाशकाची जाहिरात करायची वेळच येत नाही, म्हणून सहा भाग निवांत घालवता येतात. 'तोराडोरा'चं शेवटचं पुस्तक ॲनिमेसोबतच आलं, त्यामुळे वाचकाला "पुढचं पुस्तकात वाचा" म्हणायला काही शिल्लकच नव्हतं. अडवणूक नसली की सगळे चांगलं काम करतात, हेच तर म्हणतोय.

हिशेबनीस

दोघांनीही पैशाची वाट नीट पाहिलेली नाही, म्हणून थोडं सविस्तर.

ॲनिमे "प्रकाशक काढतो" असं नसतं. प्रॉडक्शन कमिटी काढते. तीत प्रकाशक, संगीत कंपनी, व्हिडिओ कंपनी, वाहिनी, खेळणी-मूर्तीवाले, हल्ली स्ट्रीमिंगवालेही असतात. प्रत्येकजण वाटा टाकतो आणि आपापल्या धंद्याचा विक्रीहक्क घेतो : एकाकडे गाणी, एकाकडे परदेशी प्रसारण, एकाकडे वस्तू. विकणारा आधी आपलं कमिशन कापून घेतो, उरलेलं सामाईक खात्यात जातं, तिथून गुंतवणुकीच्या प्रमाणात वाटप. स्टुडिओने वाटा घातला नसेल तर त्याला फक्त कामाची मजुरी, पुढे ॲनिमे कितीही चालो.

आता बघा, या सामाईक खात्यात काय येत नाही? मूळ पुस्तकाची विक्री. ती सगळी प्रकाशकाची. ७०० येनचं पुस्तक आणि लेखकाला दहा टक्के धरले तर प्रतीमागे ७० येन लेखकाचे, बाकी छपाई, दुकानदार, वितरक, प्रकाशक. संगीत कंपनीला त्यातला छदामही मिळत नाही. मग कमिटीतली पाच-सहा मंडळी एकट्या प्रकाशकाच्या जाहिरातीसाठी पैसे कशाला ओततील? त्यांना ॲनिमेच विकायचा असतो. २०१०च्या आसपास तो दोन-दोन भागांच्या, ७,००० येनच्या घरातल्या ब्लू-रेतून विकला जायचा. आता स्ट्रीमिंगला विकला जातो. जपानी ॲनिमेशन संघटनेच्या अहवालानुसार २०२३ची एकूण बाजारपेठ सुमारे ३.३५ लाख कोटी येनची, आणि त्यातला सुमारे १.७२ लाख कोटींचा भाग जपानबाहेरचा, अर्ध्याहून जास्त. परदेशातला प्रेक्षक जपानी बुन्को विकत घेत नाही. जाहिरातीचा सिद्धांत २००८ साली बरा होता.

म्हणूनच इतक्या वर्षांनी जुनी मढी उकरली जाताहेत. 'हाताराकु माओ-सामा'चा दुसरा सीझन ९ वर्षांनी (२०१३, मग २०२२). 'क्लासरूम ऑफ द एलीट' ५ वर्षांनी. 'कोनोसुबा' तिसरा ७ वर्षांनी. 'स्पाइस अँड वुल्फ' तर २०२४मध्ये पहिल्यापासून नव्याने. नुसती पुस्तकं खपवायची असती तर हे केव्हाच विसरले गेले असते.

पानकिडा

'नो गेम नो लाइफ'? २०१४, १२ भागांत ३ खंड, २०१७ला सहाव्या खंडावर चित्रपट, त्यानंतर चिडीचूप. ती कोणत्या खात्यात मांडू?

आणि कमिटीत सगळे समान नसतात. विषय आणतो कोण? देंगेकी बुन्को, स्नीकर, फँटासिया, एमएफ बुन्को जे हे सगळे छाप एकाच कादोकावाचे. बैठकीत तोच यजमान. २०२४ला त्याने दोगा कोबो हा स्टुडिओही घेतला. म्हणजे पुस्तक, मंगा (जपानी चित्रकथा), ॲनिमे, मजूर, सगळं एका छपराखाली. संगीत कंपनीचं मत कोण विचारतं?

हिशेबनीस

एका छपराखाली असलं की ॲनिमेची कमाईही त्याच घरात येते ना? मग पुस्तकासाठी ॲनिमे खराब करायचं कारण आणखी कमी झालं.

क्रमशः

तुम्ही सगळे "मूळ पुस्तक, मूळ पुस्तक" करताय. कुठलं मूळ?

हल्ली चर्चा ज्या नावांवर चालते त्यांतली बरीच 'शोसेत्सुका नि नारो'वरून आलेली. २००४पासून चालू असलेली, कुणीही क्रमशः कादंबरी टाकावी अशी साइट. (अवांतर : आपल्याकडे प्रतिलिपीवर मराठीत चालतं तेच, फक्त तिथे मागे छापखाना उभा आहे.) तिथे वाचकाने खूण करून ठेवली की २ गुण, तारे दिले की जास्तीत जास्त १०. क्रमवारी या गुणांवर. यादीत आधी दिसतं ते शीर्षक, म्हणून ती हातभर लांबीची शीर्षकं : कथेचा सारांश शीर्षकातच उरकलेला. पहिल्या दहा प्रकरणांत वाचक अडकला नाही तर लेखन बुडालं, म्हणून सुरुवात भरधाव आणि मधला भाग पसरट. संपादक पुस्तक करताना तो पसारा आवरतो.

म्हणजे पुस्तक हेच एक रूपांतर. 'ओव्हरलॉर्ड'मधली अल्बेडो वेब आवृत्तीत नाहीच, ती पुस्तकासाठी निर्माण झाली. आता अल्बेडोशिवाय ओव्हरलॉर्ड कल्पून दाखवा. त्यात मंगा धरा. 'तेनसुरा'ची कादंबरी मायक्रो मॅगझिनची, मंगा कोदान्शाचा, आणि ॲनिमे बघून आलेला वाचक बहुतेकदा आधी मंगाच उचलतो, कारण चित्रं ओळखीची. 'कुसुरिया'चे तर दोन वेगळे मंगा दोन वेगळ्या प्रकाशकांकडे. जाहिरात असेलच तर ती नेमकी कुणाची?

रंगरेषा

एक बाजू राहिली. वेळापत्रक.

'८६'चं उदाहरण धागाकर्त्याने सावकाश वेगाचं म्हणून दिलं. पण तो सावकाशपणा कुणाच्या जिवावर? शेवटचे दोन भाग डिसेंबर २०२१मध्ये लागायचे ते मार्च २०२२वर गेले. उत्तम झाले, हे खरं. पण वेग कमी केला की एकेका दृश्यावर जास्त वेळ थांबावं लागतं, आणि थांबलेल्या दृश्यात चेहऱ्याचं रेखाटन कच्चं असलं तर लगेच दिसतं. धावपळीत ते झाकलं जातं. म्हणून ३ खंडांना २३ भाग ही नुसती उदारता नव्हे, ती तेवढ्या तयारीच्या माणसांची मागणी आहे.

'मुशोकु तेन्सेई'साठी म्हणूनच २०१८ला स्टुडिओ बाइंड वेगळा काढला, व्हाइट फॉक्स आणि एग फर्म या कंपन्यांनी मिळून. दीर्घ काम एकाच संघाकडे राहावं म्हणून. २०२१चे २३ भाग, पहिले ६ खंड, दोन हप्त्यांत मधे सहा महिने सोडून. ते सहा महिने प्रेक्षकाला नकोसे वाटतात, पण तेच कामाला वाचवतात. सलग २४ भाग मागणाऱ्यांनी श्रेयनामावलीत शेवटच्या भागांना किती रेखाटन दिग्दर्शक लागले ते मोजावं. नावं दोन-तीनवरून पंधरावर गेली की आत काय चाललंय ते कळतं.

तिरपागडा

+१. आणि यात वाईट रूपांतराचं खापर लेखकावर किंवा पटकथाकारावर फुटतं, जे त्या पंधरा जणांना कधी भेटलेही नसतात.

नवखा_वाचक

भांडण चालू द्या. मला एवढंच सांगा : ॲनिमे पाहून झाला, पुस्तक कुठून धरू? सगळं पहिल्यापासून वाचायला वेळ नाही, पैसेही नाहीत.

पानकिडा

मालिकेवर आहे.

'८६' : सरळ चौथ्या खंडापासून. काही निसटलेलं नाही. 'कुसुरिया'चे दोन्ही सीझन पाहिले असतील तर पाचव्यापासून. 'कोनोसुबा'चे तीन सीझन आणि चित्रपट झाला असेल तर आठव्यापासून. 'ओव्हरलॉर्ड' : चौथा सीझन १४व्या खंडापर्यंत जातो, पण १२-१३ त्यात नाहीत, ते २०२४च्या चित्रपटात. चित्रपट पाहिला नसेल तर आधी ते दोन, मग १५.

ओरेगाइरूचे तीनही सीझन पाहिले असले तरी पहिल्यापासून. वेळ नसेल तर निदान पहिले सहा, कारण तेच सर्वांत जास्त कापलेत. 'क्लासरूम'चंही तसंच : नायक आयानोकोजी मनात काय म्हणतो ते पहिल्या तीन खंडांत वाचा, नाहीतर पुढचं पोकळ वाटतं.

इंग्रजी प्रती बुकवॉकरवर ई-पुस्तक म्हणून मिळतात, मधूनमधून सवलत असते. छापील आयात प्रतींपेक्षा स्वस्त पडतं.

तिरपागडा

'क्लासरूम'ला तिसऱ्या सीझननंतर साडेअकरावा खंडही आहे, तो वगळून थेट दुसऱ्या वर्षाच्या खंडांवर उडी मारू नका. अर्धे आकडे म्हणजे किरकोळ कथा समजून लोक टाळतात. या मालिकेत तसं नाही.